उरलेल्या आचेवरची नानकटाई

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने शिवाजीनगर सोडले की पुढचे स्टेशन खडकी. अंतर काही मिनिटांचेच. पण रमजानचा शेवटचा अशरा, हातात दोन मोठे रिकामे डबे, खांद्याला पिठा-साखरेची पिशवी आणि शेजारी तोंड फुगवून बसलेली चौदा वर्षांची लेक असली की तेवढे अंतरही लांब वाटते.

लेकीच्या फुगण्याला कारण होते. तिच्या वर्गातल्या मुली ईदला एकमेकींना बिस्किटांचे सजवलेले बॉक्स देतात. बारा बिस्किटे, वर रेशमी फीत, किंमत 450 रुपये. चार मैत्रिणींचे झाले 1800. मी नाही म्हटले आणि कारण सांगितले नाही. कारण तिला अर्धे ठाऊक होतेच. मुलांच्या अब्बांचे कंत्राटी काम दिवाळीनंतर थांबले होते आणि घरात माझा एकटीचाच पगार येत होता. ही गोष्ट मी शाळेत कोणाला सांगितली नव्हती, माहेरीही नाही.

"आपण नानीकडे जाऊन नानकटाई करू," मी म्हटले.

"डबे डोक्यावर घेऊन बाजारातून जायचे? सगळे बघतात," ती म्हणाली.

खडकी माझे माहेर. 5 नोव्हेंबर 1817 रोजी पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई इथे झाली. पुढे इथे छावणी वसली. 1869 साली दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, बॉम्बे सॅपर्सचे ठाणे झाले आणि या सगळ्यांना लागणाऱ्या वस्तूंचा बाजार फुलला. माझे अब्बा त्याच कारखान्यात नोकरीला होते. सायकलला डबा अडकवून सकाळी निघायचे. गोऱ्या शिपायाला रोज पाव लागायचा, म्हणून छावण्या जिथे गेल्या तिथे भट्ट्याही गेल्या. शिपाई गेले, पाव राहिला. आज बाजारातल्या बेकरीच्या एकाच फळीवर मला तीन भाषा दिसतात. पाव हा शब्द पोर्तुगीजांचा, नानकटाईतला नान फारसीतला आणि टोस्ट इंग्रजांचा. उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या बाईला याहून सोपा धडा कुठे मिळणार? खारी मात्र आपली, मराठमोळी!

घरी पोचलो तर अम्मीने परात काढूनच ठेवली होती. तिचे गुडघे आता साथ देत नाहीत, त्यामुळे ती खुर्चीवर बसून हुकूम सोडते. आमच्या घरचे एका घाण्याचे माप असे: मैदा 700 ग्रॅम, बेसन 200 ग्रॅम, बारीक रवा 100 ग्रॅम, पिठीसाखर 600 ग्रॅम, तूप 600 ग्रॅम, एक लहान चमचा खाण्याचा सोडा, वेलचीपूड आणि चिमूटभर मीठ. पाण्याचा थेंब नाही, अंडे नाही. तूप आणि पिठीसाखर तळहाताने फेटायची, चांगली पंधरा-वीस मिनिटे, पांढरी आणि हलकी होईपर्यंत. सगळी मेहनत इथेच आहे. मग पीठ चाळून घालायचे आणि नुसते गोळा करायचे. पोळीच्या कणकेसारखे मळले की नानकटाई दगड होते. गोळा अर्धा तास झाकून ठेवायचा आणि लिंबाएवढे गोळे वळून अंगठ्याने किंचित दाबायचे.

मी पिशवीतून तुपाच्या दोन पिशव्या काढल्या. अम्मीने चष्मा वर केला.

"साजूक एवढेच?"

"यंदा 150 ग्रॅम साजूक, बाकी वनस्पती. साजूक महाग झाले आहे."

"साजूक दरवर्षीच महाग असते," अम्मी म्हणाली. तिने नातीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "कधीपासून?"

मी तूप फेटत राहिले. "दिवाळीपासून," मी म्हटले.

अम्मीने आरडाओरडा केला नाही, दुवाही लगेच दिली नाही. तिने एक जुनी गोष्ट सांगितली, जी मी पहिल्यांदाच ऐकली. अब्बांच्या मोठ्या आजारपणात काही महिने बिनपगारी रजेत गेले होते. त्या ईदला तिने साजूक तूप आणलेच नव्हते. सगळा घाणा वनस्पतीत केला, वेलची जरा जास्त टाकली आणि मोहल्ल्यात नेहमीसारखी ताटे पाठवली. "कोणाला कळले नाही. तुलाही नाही. तू बारा खाल्ल्यास." लेक हसली. त्या दिवसातले तिचे पहिले हसू.

चव पाहायची पंचाईत होती, कारण आम्ही तिघीही रोज्याने होतो. शेवटी भिंतीपलीकडच्या काकूंना हाक मारली. त्यांनी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवले आणि "साखर बरोबर, मीठ आणखी कणभर" असा निकाल दिला. दिवाळीच्या आठवड्यात हेच काम अम्मी त्यांच्याकडे जाऊन करते.

जोहरची नमाज झाल्यावर आम्ही मायलेकी डबे घेऊन बाजारात निघालो. लेक माझ्यापासून चार पावले मागे.

घरचे पीठ नेऊन बेकरीच्या भट्टीत भाजून आणायची ही रीत नव्या वाचक भगिनींना कदाचित ठाऊक नसेल. तिच्यामागे साधा हिशेब आहे. विटांच्या घुमटाकार भट्टीत आधी लाकडे पेटवतात. विटा तापल्या की निखारे ओढून घेतात आणि तळ ओल्या गोणपाटाने पुसतात. पावाला कडक आच लागते, दोनशे अंशांच्या वर. पाव निघून गेला तरी विटा तासन्‌तास तापलेल्या राहतात. ती उतरती आच, साधारण दीडशे ते पावणेदोनशे अंशांची, नानकटाईला अगदी मानवते. त्याहून उतरली की टोस्ट सुकवायचे. म्हणजे पावासाठी जाळलेल्या लाकडावर मोहल्ल्याची ईद आणि दिवाळी भाजून निघते. बेकरीवाल्याला त्या आचेसाठी वेगळे लाकूड लागत नाही, म्हणून तो आपल्याकडून थोडकेच घेतो. आमचे यंदा 60 रुपये झाले.

बेकरीत गोळे काळ्या पत्र्यांवर मांडायचे काम आपले. लेक दारातच उभी होती. आत भट्टीच्या तोंडाशी एक मुलगा, विशीचाही नसेल, लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने पत्रे आत सरकवत होता. घामाने बनियन अंगाला चिकटले होते. बाजूला टोस्टचा, खारीचा, जिऱ्याचा घमघमाट. लेकीने त्याला पाण्याची बाटली दाखवून विचारले, देऊ का? त्याने मान हलवली. "रोज़ा है, बहन," एवढेच बोलला आणि पुन्हा भट्टीकडे वळला.

लेक आत आली. दुपट्टा खोचून गोळे मांडू लागली. तिने मोजले, 86 भरले.

वीस मिनिटांत पहिले पत्रे बाहेर आले. वरून भेगा पडलेल्या, कडांना बदामी रंग. गरम असताना हात लावायचा नाही, त्या मऊ असतात आणि मोडतात. गार झाल्यावर खुसखुशीत होतात. परतताना मोठा डबा लेकीने स्वतःच उचलला.

आता हिशेब. मैदा 32, बेसन 22, रवा 5, साखर 28, वनस्पती 72, साजूक तूप 96, वेलची-सोडा 15, भट्टी 60. एकूण 330 रुपये आणि हातात दोन किलोंच्या वर नानकटाई. एक नग चार रुपयांच्या आत पडला. वनस्पती तुपाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. 2022 पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आहे, तरी ते रोज खायचे तूप नव्हे. सणाचा पदार्थ सणालाच करावा.

निघताना बेकरीच्या मालकांनी एक गोष्ट सांगितली. "पुढच्या ईदला आधी विचारून या, बाजी. इलेक्ट्रिक ओव्हन घ्यायचा विचार आहे." लाकूड महागले आहे आणि धुराच्या तक्रारी येतात. मुंबईत तर 2025 साली न्यायालयाच्या आदेशानंतर लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायची मुदत दिली गेली. मी धुराची बाजू घेणार नाही. भट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या त्या मुलाच्या छातीत तो धूर रोज जातो. पण पत्र्याचा ओव्हन बटण बंद केले की थोड्याच वेळात थंड होतो. मोहल्ल्याला द्यायला त्याच्याकडे आच उरत नाही.

परतीच्या लोकलमध्ये लेकीने विचारले, "मग पुढच्या वर्षी काय करायचे?"

म्हणून दुसऱ्याच दिवशी आम्ही घरी प्रयोग केला. तो तुमच्याही उपयोगाचा आहे. जाड बुडाचे जुने पातेले घ्या. चांगला कुकर कोरडा तापवून खराब करू नका. तळाला बोटभर जाडे मीठ पसरा, वर जाळीचे स्टँड ठेवा, घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापू द्या. मग तुपाचा हात लावलेल्या ताटलीत सात-आठ गोळे, अंतर सोडून, आत ठेवा आणि आच अगदी मंद करा. अठरा-वीस मिनिटे झाकण उघडू नका. आमची पहिली ताटली खालून करपली, कारण मी आच मोठी ठेवली होती. दुसरी छान झाली. मीठ गार करून बरणीत भरा, तेच पुन्हापुन्हा चालते, फक्त स्वयंपाकात वापरू नका.

एका ताटलीत आठ, म्हणजे 86 नगांना अकरा खेपा. एवढा गॅस जाळला तर स्वस्ताई कुठे राहिली? थोड्यासाठी पातेले ठीक, सणाच्या घाण्याला नाही. आमच्या जिन्यात एकीकडे छोटा ओव्हन आहे, एरवी तो कपड्याखाली झाकलेलाच असतो. तिच्याशी बोलले. पुढच्या वेळी तिघींचे घाणे एकाच दुपारी लावायचे, एकदा तापलेला ओव्हन मध्ये गार होऊ द्यायचा नाही आणि विजेचा खर्च वाटून घ्यायचा. ती लगेच तयार झाली. मला वाटत होते, मागायला संकोच होईल. तिलाही विचारायचा संकोच होता म्हणे.

उरलेल्या आचेची सवय एकदा लागली की ती घरभर दिसते. पोळ्या झाल्यावर तवा गरम असतोच, त्यावर रवा किंवा शेंगदाणे भाजून होतात. सहेरीच्या उरलेल्या पोळ्यांचा गूळ-तूप घालून मलीदा होतो. शिळा पाव तव्यावर कडक करून कुटला की कटलेटला चुरा विकत आणावा लागत नाही. आपल्याकडे इस्राफ वाईट मानला जातो तो ताटातल्या अन्नाचा. चुलीतल्या आचेचाही होतो, हे मला त्या भट्टीपुढे उभे राहून कळले.

ईदच्या आदल्या रात्री लेकीने चार जुने बिस्किटांचे डबे घासून पुसले, आत कागद घातला आणि प्रत्येकात बारा नानकटाया लावल्या. झाकणावर तिने ईद मुबारक लिहिले, एका बाजूला उर्दूत, दुसऱ्या बाजूला मराठीत. उर्दूत एक नुक्ता चुकला होता. मी बोलले नाही.

पाचवा डबा आम्ही चाँदरातीच्या आधी खडकीला पोचवला, भट्टीवरच्या त्या मुलासाठी. त्या दिवशी त्याने आमची नानकटाई भाजली होती, पण चाखली नव्हती.

मैत्रिणींकडून तीन डबे परत आले. एकात शेवया, एकात खजूर, एकात घरचे चिक्कीचे तुकडे. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे त्या मुलींना कोणी शिकवले कोण जाणे. चौथ्या मैत्रिणीने डबा ठेवून घेतला आहे आणि विचारले आहे, "पुढच्या वेळी मी पण येऊ का खडकीला?"