मधला टेकू

दोन्ही टोकें घट्ट धरलीं म्हणजे मधलें आपोआप सावरतें, हा समज किती फोल आहे तें आमच्या चाकूरच्या सुताराच्या खरादावर पाहावें. पाळण्याचा लांब, बारीक दांडा पटाशी लागतांच मध्यें वांकतो, थरथरतो आणि अंगावर वळ उमटवून घेतो. जाडी निम्मी झाली, कीं तेवढ्याच जोरानें वांक सोळापट पडतो. जुने कातारी अशा वेळीं डाव्या हाताचा तळवा दांड्याच्या पाठीशीं धरीत. आमच्या सुतारानें प्लायवुडच्या चौकटींत तीन लहान चाकें सारख्या अंतरावर बसवून तोच तळवा लांकडाचा केला आहे. दांड्याचा मधला पट्टा आधीं हलक्या हातानें गोल करून त्यावर तीं टेकवावयाचीं. निराधार लांबी निम्मी झाली, म्हणजे वांक आठव्या हिश्श्यावर येतो. अट एकच : चाकांनीं टेकावें, रेटूं नये. रेटल्यास सांवरणारीं चाकेंच दांड्यास वांकवतील. दूर राहिल्यास तीं असून नसून सारखींच.

हा पाळणा माझ्या मुलाच्या नव्या संसारांत जावयाचा आहे. बापाचा हात तेथें किती टेकावा, याचें माप या तीन चाकांहून नेमकें मला कोणत्याही ग्रंथांत आढळलें नाहीं.