वीकएण्ड, वैतरणा आणि माझा शॉवर

सप्टेंबरचा शनिवार, वन-डे ट्रिप, लोकल गाईड, जेवणासकट. आठवडाभर पिळून निघालेल्या माणसाला आणखी काय हवं? पहाटे साडेपाचला आमची मिनीबस गोरेगावहून सुटली आणि विक्रमगड मागे टाकून जव्हारचा घाट चढू लागली, तेव्हा निम्मी गाडी घोरत होती.

जव्हारला गाईड चढला. पंचविशीतला वारली मुलगा. पायात स्पोर्ट्स शूज, चेहऱ्यावर मिश्कील हसू. "ताई, झोपायला घर आहे की," म्हणत त्याने सगळ्यांना उठवलं. मग मुकणे राजघराण्याचा जयविलास पॅलेस झाला. शिरपामाळ झाला. १६६४ मध्ये सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज इथे थांबले होते आणि जव्हारच्या राजाने त्यांचं स्वागत केलं, असं सांगतात. दाभोसा धबधब्यासमोर तर आमचे कॅमेरे थांबेचनात. सुमारे ३०० फुटांवरून कोसळणारं पाणी! "वॉव" सोडून कोणाला शब्द सुचत नव्हता.

दुपारी एका पाड्यावर जेवलो. नाचणीची भाकरी, उडदाची आमटी, मिरचीचा ठेचा. आपण नाचणी म्हणतो, इथे ती नागली. डाएटिशियनने पैसे घेऊन सांगितलेलं 'सुपरफूड' इथल्या उतारांवर मुकाट उगवत होतं.

संध्याकाळी मोखाडा, खोडाळा करत कसाऱ्याच्या दिशेने उतरताना वैतरणेचं खोरं आलं. दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, मधे शांत, पसरलेलं पाणी. मी म्हटलं, "काय नशीबवान आहात यार! एवढं पाणी!"

"आमचं कुठे ताई? तुमचं आहे," तो हसत म्हणाला. "मध्य वैतरणा. मुंबईला जातं."

हे धरण २०१४ पासून मुंबईला दिवसाला ४५ कोटी ५० लाख लिटर पाणी देण्यासाठी बांधलेलं. खाली मोडकसागर तर १९५७ पासून मुंबईची तहान भागवतोय. आणि याच मोखाड्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. पाऊस इथे मुंबईपेक्षा कमी नाही, पण खाली काळा कातळ आणि सगळा उतार. पडलेलं पाणी थांबतच नाही. दिवाळीनंतर गावंही थांबत नाहीत. कुणी भिवंडीच्या वीटभट्टीवर, कुणी वसई-ठाण्याच्या बांधकामावर.

तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. पॅलेसची माहिती सांगावी, तसं सांगत होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आम्ही काय करू शकतो?"

"काही नको. मे महिन्यात पण या. धबधबा नसतो तेव्हा."

'नक्की येणार' म्हटलं. ट्रिपच्या शेवटी आपण असं म्हणतोच!

मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: दहा टक्के पाणीकपात. लगेच एकशे बारा रिप्लाय. 'सकाळी अंघोळ न करता ऑफिसला जायचं का?' मीही तावातावाने टाइप करत होते. अर्ध्यावर थांबले. मेसेज पुसला आणि त्याला फोन लावला.

यावेळी एकटीच गेले. एसटीने. तेच डोंगर, पण तपकिरी. पाड्याच्या खालच्या अंगाला विहीर, तळाशी गढूळ पाणी. त्याची आई दोन हंडे डोक्यावर घेऊन सरसर चढली. मी हट्टाने एक घेतला. वीस मिनिटांच्या चढाला मला चाळीस लागली, तीनदा टेकले, आणि पोचले तेव्हा माझा कुर्ता चिंब होता.

त्या माऊलीने हंड्यात डोकावून पाहिलं आणि खळखळून हसली. "बाय, अर्धं तर रस्त्यालाच पाजलंस!"

घरी परतले, शॉवर सुरू केला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी तो फार सुखाचा वाटला. पण मिनिटभराने नळ बंद केला आणि खाली बादली ठेवली. याने मोखाड्याची विहीर भरत नाही, हे कळतं मला. पण 'मुंबईचं पाणी' असं म्हणायला आता जीभ अडखळते. आणि ट्रिपचे फोटो पाहताना मित्रमैत्रिणी विचारतात, "बेस्ट सीझन कुठला गं?" तेव्हा मी सांगते, सप्टेंबर. आणि मग एकदा मे.