कॅनॉलच्या वर, कॅनॉलच्या खाली

जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघतो आणि जालना जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी, परतूर तालुक्यांतून परभणीकडे जातो. पाणी उताराने चालतं. त्यामुळे कालव्याच्या खालच्या, गोदावरीकडच्या अंगाला ऊस उभा राहतो आणि वरच्या अंगाला कापूस नि तूर आभाळाकडे बघत राहतात. आमच्याकडे त्याला कॅनॉलच म्हणतात. सोयरीक जुळवताना जुनी माणसं विचारायची, गाव कॅनॉलच्या वर की खाली?

दोन चुलतभावांच्या वाटणीत एकाला वरचं रान गेलं, एकाला खालचं, असं पुष्कळ घरांत झालेलं आहे. आज वरच्याला विचारा, तो म्हणेल, "त्याला कॅनॉल लागला." खालच्याला विचारा, तो म्हणेल, "आम्ही रात्र रात्र दारं धरली." दोघंही खरं बोलतात. थंडीत, साप-विंचवाच्या भीतीत उसाला पाणी देणं हे कष्टच आहेत. पण खालच्याच्या पुढच्या पिढीत या गोष्टीतून कॅनॉल गळून जातो, फक्त कष्ट शिल्लक राहतात. वरचाही तेवढाच राबला होता, हे मग कुणाच्या ध्यानात राहत नाही. कालव्याची रेघ कुठून जाईल हे या दोघांपैकी कुणीच ठरवलं नव्हतं.

दूरच्या श्रीमंतीचा मात्र इथे कुणाला राग नाही. 'जालना सोने का पालना' हे लोक अभिमानानेच म्हणतात. बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली, 1964 मध्ये महिको ही बियाणे कंपनी काढली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, ही गोष्ट इथे घरातल्या माणसाची सांगावी तशी सांगतात. सळयांच्या कारखानदारांबद्दलही तसंच. मनाला लागतो तो बांधापलीकडचा. शाळेत एका बाकावर बसलेला, ज्याचं झालं आणि आपलं राहिलं.

ते लागणं समजून घ्यायला हवं. आजोबांची तीस एकर, बापाची दहा, पोराच्या नावावर अडीच. अडीच एकर कोरडवाहू कपाशीवर घर चालत नाही आणि लग्नही जमत नाही. मुलीचा बाप पहिला प्रश्न नोकरीचा विचारतो. म्हणून पहाटे रस्त्यांवर पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं दिसतात, संभाजीनगरच्या अभ्यासिकांत तिशीला आलेली पोरं दिसतात. यादी लागते, नाव दोन मार्कांनी राहतं, आणि त्या दोन मार्कांत पोरगं आपल्या सगळ्या आयुष्याचं उत्तर शोधायला लागतं.

अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत 1 सप्टेंबर 2023 ला मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि गावाचं नाव राज्यभर गेलं. जून 2024 मध्ये जवळच्याच वडीगोद्रीत ओबीसी आरक्षणाच्या बचावासाठी उपोषण बसलं. या भागात राहणाऱ्याची माणसं दोन्ही मंडपांत असतात, तशी माझीही होती. एकीकडे ऐकलं, "जमीन आहे म्हणतात, त्यात भागतं का ते कुणी विचारत नाही." दुसरीकडे ऐकलं, "आमच्या ताटात आत्ता कुठं पडायला लागलं." दोन्ही बोलणी ऐकताना जीव तुटला, कारण आपापल्या घरापुरता प्रत्येकाचा हिशोब चोख होता. वाटायच्या जागाच इतक्या थोड्या का आणि कपाशीत माणूस उभा का राहत नाही, हा प्रश्न दोन्हीकडे मागे पडला. तो बांधाच्या पलीकडचा नाही. तो कापसाच्या भावाचा, पाण्याच्या वाटपाचा, न भरलेल्या पदांचा आहे.

म्हातारी माणसं 1972 च्या दुष्काळाबद्दल बोलतात तेव्हा आवाजात कडवटपणा नसतो. पाटील आणि त्याचा सालगडी एकाच दुष्काळी कामावर खडी फोडत होते, एकाच रांगेत सुकडी घेत होते. त्या कामांच्या अनुभवावरच 1977 चा रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. पण पाऊस पडला आणि जमीनवाले जमिनीकडे परतले. त्यांनी विहिरी खोदल्या, मोटारी बसवल्या. ज्यांना जमीनच नव्हती ते कामाच्याच शोधात राहिले.

त्यांच्या लेकी-सुना, नातवंडं आज कुठे आहेत? जाफराबाद, भोकरदनकडे बियाण्याचे प्लॉट आहेत, शेडनेट आहेत. तिथे बाया क्रॉसिंग करतात. उद्या उमलणारी कळी आज ओळखायची, तिच्यातले पुंकेसर नखाने अलगद काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलाचे पराग त्या कळीला लावायचे. दिवसभर वाकून, शेकडो कळ्या. एक चुकली तर बी भेसळीचं निघतं. जालन्याच्या बियाण्याचं नाव या बोटांवर उभं आहे, आणि बोटांना मिळतो तो रोज. आपल्याला का मिळालं नाही, याचं त्यांचं उत्तर फार थोडक्यात असतं: जमीन नाही. याहून नेमकं उत्तर मी कुठल्या व्याख्यानातही ऐकलेलं नाही.

मंठा, घनसावंगीकडची कुटुंबं दसऱ्यानंतर ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल आधीच खर्चून झालेली असते, बहुधा आजारपणात नाहीतर लग्नात. हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत ती फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत जावं लागतं.

मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधताना निजामकाळची दप्तरं उघडली गेली, मोडी आणि उर्दू वाचणारे जाणकार बसवले गेले. ते व्हायलाच हवं होतं. ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ग्रामसेवकांनी त्यांना ओळखपत्रं द्यावीत, असा शासनाचा निर्णयही 2021 चा आहे. ही नोंद तेवढ्याच निष्ठेने घरोघर जाऊन व्हावी: कोण जातं, उचल किती, ती कशासाठी घेतली, पोरं कुणापाशी ठेवली, आणि त्या कोयत्यातली बाई कोण.