दोष हाताचा कीं यंत्राचा?

घरांत एखादी गोष्ट बिघडली म्हणजे बिघाडाचें कारण सांपडण्यापूर्वींच दोषाची वांटणी होऊन जाते, हा मोठ्या कुटुंबांतला नित्याचा अनुभव आहे. दूध नासलें तर भांडें घांसणारीचा दोष, दिवा गेला तर शेवटीं बटण दाबणाऱ्याचा दोष, आणि मुलाला गुण कमी मिळाले तर मुलाचा दोष. असे निकाल आपण चहाचा पेला खालीं ठेवण्याच्या आंत देऊन मोकळे होतों. वस्तूंच्या बाबतींत ही घाई फारशी नडत नाहीं. भलताच दिवा बदलला तर चार पैसे जातात, इतकेंच. पण यंत्राचा दोष जेव्हां माणसाच्या माथीं बसतो, आणि तें माणूस अवघें सोळा वर्षांचें असतें, तेव्हां जें जातें त्याचें मोल पैशांत होत नाहीं. या विषयावर लिहावयास एक आधुनिक निमित्त झालें, तें वाचकांपुढें मांडतों.

आमच्या पुतण्यानें २००७ सालीं, नोकरीच्या पहिल्या वर्षांत, एक संगणक घेतला. त्यांत त्या वेळीं नवलाईचा असलेला ‘कोअर टू डुओ’ प्रोसेसर आहे. म्हणजे गणित करणारा मेंदू एक नसून दोन आहेत. अशा यंत्रास ड्युअल-कोअर म्हणतात. पुतण्याचें काम आतां कचेरीनें दिलेल्या लॅपटॉपवर चालत असल्यामुळें तो जुना संगणक त्याच्या मुलाकडे, म्हणजे आमच्या नातवाकडे आला, आणि त्यासोबत ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ हा २००६ च्या ऑक्टोबरांत निघालेला प्रोग्रॅमही आला. याला खेळ म्हणण्याची चाल आहे, पण यांत गुण मिळवावयाचे नसतात कीं शत्रु मारावयाचे नसतात. वैमानिकापुढें असतात तशीं उंचीचीं, वेगाचीं व दिशेचीं घड्याळें पडद्यावर दिसतात. वारा वाहतो, ढग येतात. पृथ्वीवरील हजारों विमानतळांपैकीं कोठूनही उडावें व कोठेंही उतरावें. ब्रूस आर्टविक या अमेरिकन गृहस्थाच्या मूळ कल्पनेवरून मायक्रोसॉफ्टनें या मालिकेची पहिली आवृत्ति १९८२ सालीं काढली होती.

नातू अकरावींत, शास्त्रशाखेंत आहे, आणि वैमानिक व्हावें असें त्याच्या मनानें घेतलें होतें. सुटी लागल्यापासून तो दररोज सायंकाळीं सेसना १७२ हें लहानसें विमान मुंबईच्या विमानतळावर उतरवण्याचा अभ्यास करी. उड्डाण उत्तम होई. परंतु परतीच्या वेळीं शहर जवळ आलें कीं विमान एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे झोकांड्या खाई आणि धांवपट्टीच्या बाजूस आपटे. पंधरवडा असा गेल्यावर तो एके दिवशीं आम्हांस म्हणाला, “आजोबा, माझ्या हातांतच तें नाहीं. पायलट होण्याचा नाद सोडलेला बरा.”

घरांत निकाल तयारच होते. पुतण्या म्हणाला, “काका, यंत्र म्हातारें झालें, नवेंच घ्यायला हवें.” नवें घ्यावयाचें तर खर्चहि नवा, कारण या मालिकेची २०२० ची आवृत्ति चालावयास निदान चार कोअरांचा प्रोसेसर, आठ गिगाबाइट स्मृति व दीडशें गिगाबाइट जागा लागते. ओळखीच्या एका दुकानदारानें ग्राफिक्स कार्ड बदलण्याचा सल्ला दिला. आमच्या सौभाग्यवतींनीं मुलाच्या डोळ्यांवर संशय घेतला, आणि सूनबाईंनीं अभ्यासाच्या वेळेचा प्रश्न काढला. चार निकाल झाले होते, तपास मात्र एकहि झाला नव्हता.

तपासाची सुरुवात मोजण्यापासून करावी, असें आम्हीं ठरविलें. सिनेमांत दर सेकंदास २४ स्थिर चित्रें एकामागून एक दाखवितात व डोळ्यास तीं हलतीं भासतात. सिम्युलेटरचेंहि तत्त्व तेंच. फरक एवढाच कीं सिनेमाचीं चित्रें आधीं तयार असतात, येथें प्रत्येक चित्र त्या क्षणीं गणित करून काढावें लागतें. या प्रोग्रॅमांत शिफ्ट व झेड या कळा एकदम, आणि पुनः एकदां दाबल्या कीं सेकंदाला किती चित्रें निघत आहेत तो आंकडा पडद्याच्या माथ्यावर येतो. उघड्या समुद्रावर तो २६ होता. मुंबईच्या धांवपट्टीसमोर तो ९ वर आला.

आतां हिशेब पाहा. हें विमान उतरतांना सुमारें ६५ नॉट वेगानें येतें, म्हणजे सेकंदाला सुमारें ३३ मीटर. सेकंदाला ९ चित्रें असलीं तर दोन चित्रांच्या दरम्यान विमान पावणेचार मीटर पुढें गेलेलें असतें. आणि मध्येंच अर्धा सेकंद चित्र गोठलें, जें वारंवार होई, तर १६ मीटरांहून अधिक. मुलगा विमान डावीकडे झुकलेलें पाहून उजवीकडे वळवी; पण पडद्यावरचें विमान जुनें असे. वळण दिसत नाहीं म्हणून तो आणखी वळवी, आणि पुढच्या चित्रांत तें भलतेंच उजवीकडे गेलेलें दिसे. हात शिळ्या बातमीवर चालत होता. अशा स्थितींत निष्णात माणूसहि झोकांड्या खाईल.

आंकडा कां उतरतो, हा पुढचा प्रश्न. आमच्या न्यायशास्त्रांत कारण ठरविण्याची अन्वय-व्यतिरेक ही रीत सांगितली आहे: जें असतां कार्य घडतें आणि जें नसतां तें घडत नाहीं, तें त्याचें कारण. रीत जुनी असली तरी संगणकास ती तंतोतंत लागू पडते. अट एकच कीं एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. धांवपट्टी तीच, विमान तेंच, आकाश निरभ्र. आणि प्रत्येक बदलानंतरचा आंकडा वहींत टिपावयाचा, असा क्रम ठेवला. वहीचें काम नातवाकडे दिलें.

प्रथम चित्राचा आकार लहान केला. ग्राफिक्स कार्डाचें रंगविण्याचें काम त्यामुळें पुष्कळ कमी झालें, तरी आंकडा ९ चा ९ च. ज्याचें ओझें उतरवूनहि गाडी हलत नाहीं, तो बैल अडलेला नाहीं, हें उघड आहे. दुकानदाराचा सल्ला येथें निकालांत निघाला व कार्डाचे पैसे वांचले.

दुसरें असें आढळलें कीं अर्ध्या तासानंतर आंकडा ९ वरून ६ वर येई. यंत्राची पेटी उघडली तों पंख्याच्या पात्यांवर व त्याखालच्या धातूच्या पत्र्यांत धूळ कापसासारखी बसलेली. प्रोसेसर फार तापला म्हणजे जळून जाऊं नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो, अशी त्याची योजना असते. पंखा हातानें अडवून धरून मऊ कुंचल्यानें धूळ काढली. अर्ध्या तासानंतरची घसरण थांबली. तिसरें, सहाच्या सुमारास येणारे गोठण्याचे झटके विषाणुरोधक प्रोग्रॅमाचे निघाले. तो रोज त्याच वेळीं सर्व तबकडी तपासावयास घेई. त्याची वेळ पहांटेची केली आणि ते झटके गेले.

चौथ्या वेळीं आकाशांतलीं इतर विमानें व रस्त्यांवरच्या गाड्या बंद केल्या, आणि जमिनीवर आपोआप उभीं राहणारीं घरें व झाडें निम्म्यावर आणलीं. आंकडा १५ झाला. हीं सर्व शोभा असली तरी प्रत्येक गाडीचा व घराचा हिशेब प्रोसेसरालाच करावा लागतो. शहराजवळच बिघाड कां होई आणि समुद्रावर कां होत नसे, याचा उलगडा येथें झाला.

तरीहि एक कोडें राहिलें. संगणकांतील टास्क मॅनेजर उघडला तर दोन कोअरांचे दोन आलेख दिसतात. एक माथ्याला टेकलेला. दुसरा तळाशीं लोळत पडलेला. नातू म्हणाला, “आजोबा, एक जण राबतो आहे आणि दुसरा झोपला आहे!” याचें कारण इतिहासांत आहे. प्रोसेसर करणाऱ्या कंपन्या पुष्कळ वर्षें एकाच मेंदूचा वेग वाढवीत आल्या. वेगाबरोबर उष्णता वाढत गेली, आणि २००४ सालीं इंटेलनें चार गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम फोरचा बेत सोडून दिला. २००५ मध्यें एका मेंदूच्या जागीं दोन देणारे प्रोसेसर घरगुती संगणकांत येऊं लागले. आमचा सिम्युलेटर निघाला २००६ मध्यें, पण त्याची मूळ रचना मुख्यतः एकाच वेगवान मेंदूवर भिस्त ठेवणारी होती.

काम दोघांत वांटून कां देत नाहींत, असें भगिनीवाचकांस वाटेल. त्यांनीं पुरणपोळीचा दिवस आठवावा. डाळ शिजल्याशिवाय पुरण नाहीं, पुरण वाटल्याशिवाय पोळी नाहीं, लाटल्याशिवाय भाजणें नाहीं. या सांखळींत दुसरी सून मधूनच हात घालूं शकत नाहीं. तिनें चटणी वाटावी, कोशिंबीर करावी. विमानाचें तसेंच आहे. दांडा किती वळला यावरून पंखावरचा जोर, जोरावरून विमानाची जागा, आणि जागेवरून चित्र. हा क्रम मोडतां येत नाहीं. जमिनीचीं चित्रें तबकडीवरून आणून जुळविणें हें मात्र चटणी-कोशिंबिरीचें काम आहे, आणि तें दुसऱ्या कोअराकडे देण्याची सोय मायक्रोसॉफ्टनें २००७ च्या मे महिन्यांत ‘सर्व्हिस पॅक वन’ या दुरुस्तींत केली. आमच्या यंत्रावर ती दुरुस्ती कधीं चढविलीच नव्हती. पुतण्यानें त्या वेळीं उतरवून घेतलेली प्रत त्याच्या जुन्या तबकड्यांच्या डब्यांत सांपडली.

ती चढविल्यावर दुसरा आलेख जागा झाला. वेग दुप्पट मात्र झाला नाहीं, आणि तो होणारहि नव्हता. जीन ॲमडाल यांनीं १९६७ सालींच दाखविलेलें हें गणित शाळेंतल्या मुलासहि सुटेल. बारा तासांचें काम आहे; त्यांतलें सहा तासांचें एकट्यानेंच करावयाचें, सहा तासांचें वांटून देण्याजोगें. दोघे लागले तर सहा अधिक तीन, म्हणजे नऊ तास. वेग दुप्पट नव्हे, सव्वापटीहून थोडा अधिक. शंभर माणसें लावलीं तरी पहिले सहा तास कोणी कमी करूं शकत नाहीं. यंत्राच्या खोक्यावर मेंदूंची संख्या वाचून पैसे मोजणाऱ्यांनीं हा हिशेब ध्यानांत ठेवावा.

आमच्या वहींत शेवटीं मुंबईपुढें २१ हा आंकडा पडला. मग एक मर्यादा घातली. ‘अमर्याद’ असें ठेवलें कीं प्रोग्रॅम चित्रांमागून चित्रें काढण्याच्या हव्यासांत जमिनीच्या कामास अवसर देत नाहीं, आणि खालचा मुलूख धुरकट राहतो. मर्यादा २० वर बांधली तेव्हां आंकडा स्थिर झाला आणि जमीनहि स्पष्ट दिसूं लागली. कधींमधीं २६ व कधीं ९ यापेक्षां संथ २० हे हाताला शिकावयास शतपटीनें बरे.

त्या सायंकाळीं तिसऱ्या प्रयत्नांत विमान धांवपट्टीवर टेकलें. टेकलें म्हणजे उसळलें, पुनः टेकलें व थांबलें. घरांत टाळ्या झाल्या. आम्हांस मात्र टाळ्यांपेक्षां नातवाचें त्यानंतरचें बोलणें मोलाचें वाटलें. तो म्हणाला, “उसळलें तें माझ्यामुळें. वेग जास्त होता, आणि नाक उचलायला मला उशीर झाला.” पंधरवडाभर तो “माझ्या हातांतच नाहीं” असें म्हणत होता, त्या वाक्यांत सुधारण्याजोगें कांहींच नव्हतें. आतां त्यास दोन चुका नांवानें सांगतां आल्या, आणि जी चूक नांवानें सांगतां येते ती उद्यां कमी करतां येते. यंत्राचा दोष दूर केल्यामुळें मुलाचा दोष नाहींसा झाला नाहीं. तो प्रथमच नीट दिसूं लागला.

यावरून तो वैमानिक होईल असें आम्ही म्हणत नाहीं. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यास आपल्या देशांत प्रत्यक्ष उड्डाणाचे २०० तास लागतात. घरच्या या खेळाचा एक मिनिटहि त्यांत धरला जात नाहीं. शिवाय खर्च मोठा, वैद्यकीय परीक्षा कडक. या कारणांनीं त्यानें पुढें बेत बदलला तर आम्हांस वाईट वाटणार नाहीं. धुळीनें भरलेल्या पंख्यामुळें आणि न चढविलेल्या दुरुस्तीमुळें मात्र त्यानें तो बदलूं नये, एवढीच आमची इच्छा होती.

मुलाचें गणित चुकतें, मुलीचें अक्षर बिघडतें, कोणाचें पाठांतर टिकत नाहीं. अशा वेळीं वडील मंडळींनीं निकाल देण्यापूर्वीं एक साधी वही करावी. कोणत्या वेळीं, कोणत्या जागीं, काय असतां बिघडतें आणि काय नसतां सुधारतें, हें आठ दिवस टिपावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. आणि वही मुलाच्याच हातीं द्यावी. कारण बाहेर सांपडलें तर तें दूर करावें. मुलांतच सांपडलें, तरी तें त्याला निदान खरें सांगतां येईल.