बारा जुने, नऊ नवे

बाराव्या शतकात जर्मनीतल्या बिशपांनी पाडलेल्या चांदीच्या फेनिंगांकडे मी बरीच वर्षे केवळ कलावस्तू म्हणून पाहत आलो. ब्रॅक्टिएट या नावाने ओळखली जाणारी ही नाणी आहेतही तशीच. कागदासारखा पातळ पत्रा, वजन जेमतेम ग्रॅमभर, ठसा एकाच बाजूने आणि मागे त्याच चित्राचा उलटा खळगा. हाल्बरश्टाटचा बिशप उलरिख याच्या एका नाण्यावर संत स्टीफनवर होणारी दगडफेक कोरलेली आहे. एवढ्याशा चांदीत तो प्रसंग पाहताना मला कारागिराची भक्ती तेवढी दिसायची.

या नाण्यांमागचा व्यवहार कळला आणि माझी नजर बदलली. माग्डेबुर्गचा आर्चबिशप विखमान (कारकीर्द ११५२ ते ११९२) वर्षातून दोनदा जुनी नाणी रद्द करी. १२ जुने फेनिंग द्यायचे आणि ९ नवे घ्यायचे, म्हणजे शेकडा २५ बट्टा! बड्या जमीनदाराची मालमत्ता शेतात आणि धान्याच्या कोठारात सुरक्षित असे. ज्याची सगळी पुंजी हातातल्या रोकडीत, तो किरकोळ विक्रेता आणि कारागीर मात्र यात सापडे.

सौंदर्याचा उगमही मला आता इथेच दिसतो. नवे नाणे जुन्यापासून चटकन ओळखू यावे म्हणून चित्र सतत बदलणे भाग होते, आणि त्यातूनच ठसे कोरणाऱ्यांना नव्या कल्पनांना वाव मिळाला. नाणे फार दिवस टिकायचेच नव्हते, म्हणून पत्रा इतका पातळ चालला.

या पद्धतीला मी फसवणूक म्हणणार नाही. ती उघड होती आणि नाणी पाडण्याचा हक्क बिशपांना सम्राटांकडून मिळालेला होता. करवसुलीची आजच्यासारखी यंत्रणा नसलेल्या काळात तो एक करच होता. पण त्याचा भार अन्यायाने वाटलेला होता, हे माझे आता ठाम मत आहे. पुढे अनेक शहरांनी नाणेधन्याला एकरकमी पैसे मोजून न बदलणाऱ्या, ‘कायमच्या’ फेनिंगचा हक्क विकत घेतला. लोकांना हा जाच किती नकोसा झाला होता, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

संग्रहालयांनी या नाण्यांखाली संताचे आणि बिशपाचे नाव जरूर लिहावे, पण शेजारी बट्ट्याचा दरही लिहावा. त्याशिवाय या नाण्याची ओळख अपुरी आहे.