वालाच्या मुळावरची साखर

नाणेघाटाच्या पायथ्याचं गाव वैशाखरे. दिवाळीच्या सुमारास खाचरांतला भात कापून होतो आणि मुरबाड-शहापूर पट्ट्यात उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा पेरला जातो. खताचं पोतं फारसं न फोडताही वाल वाढतो, त्याचं श्रेय मुळांवरच्या गाठींना. त्यातले जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात. पण हे जिवाणू मुळात शिरतात कसे, हे सांगायचं राहून जातं.

गाठींतल्या अशा जिवाणूंची, म्हणजे ऱ्हायझोबियमची, वसाहत प्रयोगशाळेतल्या बशीत पाहावी. चकचकीत, ओली, फुगीर. तारेच्या टोकाने उचलली तर पाकासारखी तार निघते. तो चिकटपणा म्हणजे जिवाणूने अंगाबाहेर सोडलेली बहुशर्करा.

तिची घडण काटेकोर असते. लसूणघासाच्या मुळात राहणाऱ्या जिवाणूची सक्सिनोग्लायकन ही बहुशर्करा आठ शर्करांच्या तुकड्याने बनते. सात ग्लुकोज, एक गॅलॅक्टोज आणि त्यांना चिकटलेले ॲसिटिल, सक्सिनिल, पायरुव्हेट हे गट. हाच तुकडा जोडत जोडत लांबच लांब साखळी तयार होते. जिवाणूची जात बदलली की साखळीही बदलते.

अमेरिकेत 1985 साली ले, साइनर आणि वॉकर यांनी ही साखळी बनवू न शकणारे जिवाणू शोधून काढले. युक्ती झकास होती. कापडाला शुभ्रता देणारा कॅल्कोफ्लोर हा रंग सक्सिनोग्लायकनला चिकटतो आणि अतिनील प्रकाशात चमकतो. ज्या वसाहती चमकल्या नाहीत, त्या बाजूला काढल्या. लसूणघासाला या जिवाणूंनी गाठी आणल्या खऱ्या, पण त्या नावापुरत्याच! आत जिवाणू पोचलेच नव्हते, त्यामुळे नत्रही नाही. पुढे 2015 मध्ये लोटस या शेंगवर्गीय झाडात त्याच्या जिवाणूची साखळी ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) सापडला. साखळी जुळली तर वाट मोकळी, नाहीतर अडवणूक. मला विचाराल तर, बुळबुळीला नुसतं ‘आवरण’ म्हणणं हा तिचा अपमान आहे.

हीच विद्या रोगजंतूंनाही येते. न्यूमोनियाचा न्यूमोकॉकस अशाच शर्करांचं कवच पांघरतो. त्याचे शंभरपेक्षा जास्त प्रकार आहेत. दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर नुसत्या साखळीला नीट दाद देत नाही, म्हणून लशीत ती प्रथिनाला जोडावी लागते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 2020 च्या डिसेंबरमध्ये आणलेल्या ‘न्यूमोसिल’मध्ये दहा प्रकारांच्या साखळ्या अशा जोडलेल्या आहेत. सरकारी लसीकरणात न्यूमोकॉकसची लस सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात मोफत मिळते.

पुन्हा शेताकडे. ही चिकट साखळी पाणी धरून ठेवते, म्हणून माती सुकली तरी जिवाणू काही काळ तगतो. तळपत्या उन्हात मात्र तिचाही इलाज चालत नाही. बियाण्याला जिवाणू खत लावायचं तर पाकिटावरचं पिकाचं नाव आणि मुदत पाहा, गुळाच्या थंड केलेल्या पाण्यातून चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. फुलोऱ्याच्या वेळी एक रोप मुळासकट हलकेच उपटून गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर दिसली तर तिचं काम चालू आहे. पांढरी निघाली तर पुढच्या पेरणीला जिवाणू खत लावायला विसरू नका.