अभिमान यात्रेतील एक दुपार

हिंदीत ‘गर्व’ हा चांगला शब्द आहे. मराठीत मात्र गर्वाचे घर खाली. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमात झाल्याने माझ्या तोंडून ‘मला तुमचा गर्व वाटतो’ असे अजूनही निघते आणि आमच्या मराठीच्या बाई हसू दाबतात. इंग्रजीत ज्याला ‘प्राइड परेड’ म्हणतात, त्याला मराठीत ‘अभिमान यात्रा’ असा शब्द आहे. ज्या गोष्टीसाठी आजवर मान खाली घालायला लावली, तीच घेऊन भर रस्त्यातून मान वर करून चालायचे, एवढा साधा त्याचा अर्थ.

अशी यात्रा मी पहिल्यांदा पाहिली ती फेब्रुवारी २०१९ मध्ये, मुंबईला. माझी कॉलेजची मैत्रीण दादरला राहते. तिच्या मुलाने आदल्या वर्षी घरी सांगितले होते की त्याला मुलींविषयी नव्हे, मुलांविषयी ओढ वाटते. वर्षभर तिने हे सख्ख्या बहिणीलाही सांगितले नव्हते. मग एके दिवशी तिचा फोन आला, “अगं, मी त्या यात्रेत जायचं ठरवलंय. पण एकटीला जमायचं नाही. तू येशील?” मी रात्रीच्या गाडीने निघाले.

थोडी माहिती आधी देते. इंग्रजांनी १८६० मध्ये केलेल्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३७७ मुळे अशा दोन प्रौढ व्यक्तींचे संमतीने असलेले संबंधही गुन्हा ठरत होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा नाही असा निकाल दिला. त्यानंतरची मुंबईची ही पहिलीच यात्रा. आपल्या देशात असे चालणे १९९९ मध्ये कोलकात्यात जेमतेम पंधरा जणांनी सुरू केले. आपल्या गुजरातेत २०१३ मध्ये सुरत आणि अहमदाबादला यात्रा निघाल्या.

ऑगस्ट क्रांती मैदान माणसांनी फुलून गेले होते. १९४२ ची ‘चले जाव’ची हाक जिथून दिली गेली, तेच हे मैदान. ढोल, सहा रंगांचे झेंडे, दोन्ही बाजूंना पोलीस. काही पोशाख आणि काही घोषणा मला रुचल्या नाहीत, ते इथे लपवत नाही. पण आपल्या गणपती विसर्जनात तरी सगळेच कुठे रुचते? माझी नजर मुखवटे घातलेल्या काही मुलांकडे पुन्हा पुन्हा जात होती. कायदा बदलला होता, मग आता मुखवटा कशाला? मैत्रीण म्हणाली, “पोलिसांची भीती नाही गं त्यांना. घरच्यांची आहे.”

तिच्या हातात पुठ्ठ्याची पाटी होती, ‘माझ्या मुलावर माझे प्रेम आहे’. ती वाचून अनोळखी मुले-मुली तिच्यापाशी थांबत. आपल्या बारावीच्या वर्गात शोभेल असा एक मुलगा वाकून तिच्या पाया पडला आणि म्हणाला, “काकू, माझ्या आईशी बोलाल का?” तिने तिथेच फुटपाथवर उभे राहून नंबर लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी ती त्या बाईंशी बराच वेळ बोलली. पलीकडून हो नाही, नाही नाही. शेवटी त्या माउलीने एवढेच विचारले, “तुमचा मुलगा वेळेवर जेवतो ना?”

परत आल्यावर आपल्या विश्वस्तांपैकी एकांनी मला मोकळेपणाने विचारले, “बाई, हा विषय शाळेत कशाला?” प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही इथेच देते. विषय शाळेत आधीपासूनच आहे. जरा हळू बोलणारा, नाचाची आवड असलेला मुलगा मैदानात उतरला की ‘बायल्या’, ‘बायलो’ अशी हाक मराठीत आणि गुजरातीत ऐकू येते. हजेरीत सहावा नंबर आला की मागच्या बाकावर खसखस पिकते. का, ते विद्यार्थ्यांना नीट ठाऊक आहे. तो मुलगा पुढे कोण होईल हे मला किंवा त्यालाही ठाऊक नसते. पण त्या हाकेमुळे तो पोटात दुखते म्हणून पी.टी.च्या तासाला घरी जातो, हे मी पाहिले आहे. त्यामुळे जातीवरून दिलेल्या शिवीला आपल्याकडे जो नियम आहे, तोच या शब्दांना लावला आहे.

पालक दार लोटून घेऊन मला विचारतात, “यावर औषध आहे का?” जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे ‘बरे करण्याचे’ उपचार हा डॉक्टरांचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. तेव्हा कोणी पैसे घेऊन मूल बदलून देतो म्हणाला, तर त्याच्या पायऱ्या चढू नका. लग्नाचे विचाराल, तर अशा विवाहांना कायदेशीर मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. तो प्रश्न संसदेचा आहे असे न्यायालयाचे म्हणणे.

हे सारे मुंबईचे फॅड आहे, असेही कानावर येते. राजपिपळ्याच्या राजघराण्यातील मानवेंद्रसिंह गोहिल यांनी २००६ मध्ये आपल्याविषयी जाहीरपणे सांगितले, तेव्हा त्यांचे पुतळे जाळले गेले. ते गाव आपल्यापासून किती दूर आहे? आणि चित्रकार भूपेन खख्खर तर वडोदऱ्याचेच. २००३ मध्ये त्यांचे निधन इथेच झाले. ते हिशेबनीस म्हणून नोकरी करीत आणि उरलेल्या वेळात चित्रे काढीत. बाप, मुलगा आणि गाढव ही गोष्ट आपण सारे लहानपणी ऐकतो. तिच्यावर त्यांनी १९८१ मध्ये एक चित्र काढले. त्यात एक माणूस आपल्या गच्चीतून ती सारी वरात बघत उभा आहे. ‘सर्वांनाच खूश करता येत नाही’, अशा अर्थाचे त्याचे नाव. चित्र आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. मुख्याध्यापकाच्या खुर्चीमागे टांगायला याहून योग्य चित्र मला तरी माहीत नाही.

माझी मैत्रीण पुढच्या महिन्यात वडोदऱ्याला येते आहे. नववी ते बारावीच्या पालकांशी ती शनिवारी शाळा सुटल्यावर वाचनालयात बोलेल. हजेरी घेतली जाणार नाही, नाव नोंदवायचे नाही. मागचे दारही उघडे ठेवू.